एकतीस वर्षांची नाडी

मंगळवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी नवऱ्याची नाडी मोजली. मिनिटाला एकोणचाळीस ठोके. मध्ये चार वेळा ठोका चुकला.

नवरा पोस्टमन, वय सत्तावन्न. एकतीस वर्षं लांब पल्ल्याच्या शर्यती धावतो. बेचाळीस किलोमीटरच्या अठ्ठावीस शर्यती झाल्या, अर्धवट एकही नाही. एकोणतिसावी बारा दिवसांवर आली होती.

पहिल्या वर्षी त्याची नाडी अडुसष्ट होती. धावणं वाढलं तशी ती उतरत चाळिशीवर आली. इतर घरांत मुलांचे मार्क सांगतात, या घरात पाहुण्यांना नाडी सांगत.

ठोके चुकू लागले त्याला आठ महिने झाले. बाईंनी दोष दिला तो नाडी मोजायच्या स्टॉपवॉचला. काटा मध्येच पुढे उडी घेत असणार, म्हणून ठोका चुकल्यासारखा वाटतो, असं त्यांनी धरलं. वडिलांच्या दुकानातलं ते चावीचं घड्याळ त्यांनी तीनदा उघडलं, साफ केलं, तेल दिलं, एकदा स्प्रिंग बदलली. नवऱ्याच्या हृदयावर शंका घ्यावी असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मंगळवारी त्यांनी दुकानातली आणखी दोन घड्याळं शेजारी मांडली आणि पुन्हा मोजलं. तिन्ही काटे बरोबर चालत होते, ठोका तरीही चुकत होता.

"अहो, बूट राहू द्या. दवाखान्यात जायचंय."

"धावून येतो, मग जाऊ."

"धावायचं नाही."

"अगं, तुझंच घड्याळ बिघडलं असेल. उघड चौथ्यांदा."

"तिन्ही एकदम बिघडत नाहीत. उघडायची वेळ आता तुमची."

हृदयाच्या डॉक्टर वयाने मुलीसारख्या होत्या. त्यांनी ईसीजी काढला, सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

"काका, इतकी वर्षं धावणाऱ्याचं हृदय मोठं होतं, सावकाश चालतं. ही तुमची कमाई आहे. पण वरचे कप्पे फार ताणले गेले की काहींची लय बिघडते. तुमचं नेमकं काय झालंय, ते बघावं लागेल."

"म्हणजे धावणं बंद?"

"आज सांगता येणार नाही."

बाईंनी पिशवीतून अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या. रोजची तारीख, रोजचा आकडा. गेल्या आठ महिन्यांत चुकलेल्या प्रत्येक ठोक्याला एक फुली. डॉक्टर पानं उलटत गेल्या. बाहेर दोन पेशंट ताटकळले.

"एवढी नोंद आमच्याकडेही कोणी ठेवत नाही. कोणाचं काम हे?"

पोस्टमन खुर्चीत ताठ बसला. "हिचं. एक सकाळ चुकली नाही. बाळंतपणातसुद्धा."

"बाळंतपणात हेच माझ्या उशाशी येऊन हात पुढे करायचे," बाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "पण आठ महिने मी घड्याळालाच बोल लावला."

"काकू, फुल्या मारल्यात ना? मला त्याच हव्या होत्या."

बुधवारी सकाळी पोस्टमनच्या छातीला चोवीस तासांची नोंद घेणारं यंत्र लावलं. ते लावूनच त्याने टपाल वाटलं. कोणी विचारलं की वरचं बटण काढून दाखवी. "अठ्ठावीस शर्यतींचं इंजिन आहे. तपासणी चालू आहे," असं चौदा घरी सांगितलं. पंधराव्या घरी बाईंचा फोन आला, बटण लावा म्हणून.

गुरुवारी यंत्र काढलं. शुक्रवारी दुपारी पावणेपाचला डॉक्टरांचा फोन आला. नोंद त्यांनी वरिष्ठांकडे पाठवली होती. सोमवारी नऊ वाजता दोघांनी यायचं, तोवर चालायचं, धावायचं नाही.

"भरभर चाललं तर?" पोस्टमनने विचारलं.

"सोमवारी बोलू, काका."

शर्यतीतून नाव मागे घ्यायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती. आयोजकांना फोन करायचं काम पोस्टमनने बायकोवर सोपवलं होतं. साडेबाराला त्याने विचारलं, तेव्हा त्या एका मनगटी घड्याळाची काच बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "केला नाही. सोमवार अजून यायचाय."

नाव अजून यादीत आहे.