खिडकीतला रोपांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, पसरट पत्र्याचा डबा आहे. माझ्या कडा गंजल्या आहेत, झाकण केव्हाच हरवलं आहे आणि तळाला भोकं आहेत. हसू नका! त्या भोकांमुळेच तर मला किंमत आली.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात बिस्किटं होती. ती संपली आणि मी एका शिंप्याच्या घरी बटणं सांभाळू लागलो. शिंपीकाका मितभाषी, काकू मात्र अखंड बोलणाऱ्या. एक दिवस त्यांनी बटणं बरणीत ओतली, मला पालथं घातलं आणि खिळा ठोकून माझी पार चाळण केली. म्हटलं, संपलं आपलं! पण त्यांनी माझ्यात भुसभुशीत माती भरली, टोमॅटोचं बी पेरलं आणि मला उन्हाच्या खिडकीत ठेवलं. येता-जाता त्या रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच तळहात फिरवायच्या. "अहो, बघा, अशानं देठ दणकट होतात," असं काकांना सांगायच्या. काका नुसतं "हं" म्हणायचे. दरवर्षी लोक माझ्यातली रोपं बघून वाहवा करत. मग रोपं मोठ्या कुंड्यांत जात आणि मी रिकामा उरे.

पुढे काकू आजारी पडल्या आणि गेल्या. माझी रवानगी कपाटावर झाली. घरात फक्त शिलाई मशीनचा आवाज उरला. गिऱ्हाईक आलं तर "परवा या" एवढंच काका बोलत. मुलगी लांबच्या गावी नोकरीला. त्यांच्याइतकाच मीही एकटा होतो, पण डब्याला कोण विचारतं?

एकदा काकूंच्या शिवणाच्या टोपलीत काकांना एक चिंधी सापडली. तिच्यावर टोमॅटोचं बी वाळून चिकटलं होतं. काकूंच्या हातचं शेवटचं बी! शेजाऱ्यांनी नुसते टोमॅटो खाल्ले होते, बी कुणीच राखलं नव्हतं. हे गेलं की काकूंचा टोमॅटो कायमचा गेला. काकांनी मला खाली उतरवलं, पुसलं आणि सगळंच्या सगळं बी माझ्यात पेरून मला पुन्हा खिडकीत ठेवलं.

बी उगवलं. पण खिडकीला जाड पडदा होता. उन्हानं कापडाचा रंग उडतो, हे काकांच्या हाडीमासी भिनलेलं. पडदा सरकवायच्या त्या काकू. आता कोण सरकवणार? रोपं उजेड शोधत सुतासारखी लांबली आणि आडवी पडू लागली. शिंपी माणूस काय करणार? काकांनी प्रत्येक रोपाशेजारी एकेक लांब सुई खोवली आणि दोऱ्यानं देठ बांधले! काम सुबक हो, पण रोपं पिवळी पडत चालली. काका घाबरून आणखी पाणी घालू लागले. माझ्या पोटात चिखल झाला. रोज एखादं रोप बुडाशी कुजून मरे आणि काका त्याचा दोरा हळूच सोडवून घेत. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण पत्र्याला कुठली वाचा!

एका रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "तुझ्या आईची रोपं आहेत गं. जगत नाहीत," ते म्हणाले आणि त्यांना रडू कोसळलं.

"बाबा, आधी तो पडदा उघडा! ऊन कुठंय त्यांना?"

"अगं, रंग उडतो."

"रोपं म्हणजे कापड आहे का, बाबा? आणि तुम्ही तरी कापड आहात का, असे अंधारात घडी होऊन पडायला?"

काकांनी डोळे पुसले. मग उठून त्यांनी पडदा सरकवला. वरची माती सुकल्यावरच ते पाणी घालू लागले. रोज थोडा वेळ मला बाहेर पायरीवर ठेवत आणि राखणीला स्वतःही बसत. येणारे-जाणारे थांबून विचारपूस करत.

तीनच रोपं वाचली. काकांनी ती वरच्या पानांपर्यंत खोल पुरून कुंड्यांत लावली, कारण पुरलेल्या देठालाही मुळं फुटतात. आता ती पायरीवर डोलतात. काकाही तिथंच काज-बटणं करत बसतात. आत मी एकटा. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, रोपं लावलीत तर त्यांना ऊन द्या, पाणी बेतानं घाला. आणि जमलं तर शेजारच्या घरातही डोकावत जा. ऊन मिळालं नाही की रोप वाकतं, ते कुणालाही दिसतं. माणूस मात्र खाली मान घालून काम करत राहतो आणि आपल्याला वाटतं, तो कामात आहे.