चॅनल उघडं आहे

वायरलेसची शंका आली की सानपाड्याच्या त्या सोसायटीत सगळे सितारामला गाठायचे. न्हावा शेवाच्या बंदरावर बोटींशी वायरलेसवर बोलणं ही त्याची नोकरी. माइक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "चॅनल उघडं आहे, घरगुती बोलू नका." रविवारी सोसायटीच्या ऑफिसात त्याचं प्रवचन चालायचं. वॉकीटॉकी सगळा गाव ऐकतो, पेजरचा निरोप आधी कंपनीतली मुलगी ऐकते, मग तुम्हाला मिळतो. लोक माना डोलवायचे. आता तोच कपाळावर हात मारून सांगतो, "जगाला शिकवलं हो, आणि घरी दिव्याखाली अंधार!"

झालं असं की शेजारच्या इसाकचा भाऊ फहाद दुबईहून दोन कॉर्डलेस फोन घेऊन आला. एक इसाकला, एक सितारामला. दोन्ही अगदी जुळे. जुळ्या फोनांचं चॅनलही एकच असणार, हे शेंबड्या पोरानंसुद्धा ओळखलं असतं. आमच्या वायरलेसवाल्यानं नाही ओळखलं.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्याला बायपास सांगितली. बायको भिमाबाईचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरच गेले होते, त्यामुळे तिला सांगायची त्याची हिंमत होईना. "सोमवारी पुण्याला ट्रेनिंगला जायचंय," अशी थाप मारून तो मोकळा झाला. मग रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि चेंबूरच्या धाकट्या भावाशी, मारोतीशी, बोलायचा. तेही पाण्याच्या टाकीआड, कुजबुजत. जणू हळू बोललं की लहरीही दबक्या पावलांनी जातात!

इकडे इसाक त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायला लागला. इसाकची बायको सफिया डबा पाठवायची, वर निरोप, "भाऊ, तेल कमी घातलंय." कॉर्डलेस आल्यापासून आपली पत वाढली, असं समजून सिताराम कॉलर ताठ करून फिरत होता. काय म्हणावं या माणसाला!

शनिवारी तो धापा टाकत वर पोचला.

"मारोती, मला भीती वाटते रे. मी परत आलोच नाही, तर भिमाला..."

तेवढ्यात फोन खरखरला आणि त्यातून भिमाबाईचा आवाज आला.

"अहो, मी सफियाकडून बोलतेय. तिनं फोन उचलला की तुमचाच आवाज येतो. आठ दिवस ऐकतेय मी. तुमी स्वतः सांगाल म्हणून गप्प होते."

"भिमा, तू..."

"सोमवारची बॅग भरलीय. त्यात माझीपण दोन लुगडी घातलीत. आणि आता तिथंच बसा, जिना उतरू नका. डॉक्टरनं सांगितलंय ना? इसाकभाऊ खुर्ची घेऊन वर येतायत."

बोटींच्या कप्तानांना दटावणाऱ्या सितारामला फोन बंद करायचंही सुचलं नाही, आणि त्याचं रडणं तिकडे चेंबूरला मारोतीनं आणि इकडे सफियाच्या घरात सगळ्यांनी ऐकलं.