न कापलेली सोळा पानं

मित्रांनो, माझ्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे : ‘अभिप्रायासाठी सप्रेम’. म्हणजे मी विकायला ठेवलेली नव्हे, मत मागायला पाठवलेली प्रत. एका विज्ञानकथासंग्रहाची. वय वर्षं चौदा, पण पुठ्ठा बघाल तर चाळिशीची वाटेन.

हा संग्रह एका ताईंनी जमवला. बारा जणांना त्यांनी एकच अट घातली : गोष्ट उद्याच्या जगातली असू दे, पण दुःख आजचं हवं, घरात ज्याचं नावही काढत नाहीत असं. म्हणून माझ्यात अंतराळयानं आहेत, बोलणारी यंत्रं आहेत आणि मुलांना मारणारे बापही आहेत. बारावी गोष्ट एका रुग्णालयातल्या सिस्टरबाईंची. त्यांच्या धाकट्या भावाने जीव दिला होता. त्याआधी त्यांनी ओळभरही लिहिलं नव्हतं. त्यांच्या गोष्टीत आधीच्या अकरा गोष्टींतली सगळी माणसं एका रुग्णालयाच्या बाकांवर येऊन बसतात आणि एकमेकांचा हात धरतात. ती वाचून ताई म्हणाल्या होत्या, “आता पुस्तक पुरं झालं.”

पण माझं नशीबच फुटकं! बांधणीच्या वेळी माझा शेवटचा फॉर्म, म्हणजे सोळा पानांची घडी, जरा आत सरकला आणि कटिंग मशीनचं पातं त्याला लागलंच नाही. सोळा पानं कडेला जोडलेलीच राहिली. बाइंडर म्हणाला, “चालतंय, वाचणारा घेईल कापून.” बाकीच्या हजार प्रती धडधाकट निघाल्या, आणि एका बड्या समीक्षकांच्या घरी पोचले मी.

त्यांना सगळे भिंगकाका म्हणत, कारण ते भिंगाशिवाय वाचत नसत. माणूस प्रामाणिक होता हो, उगाच कशाला खोटं बोलू? अकरा गोष्टी त्यांनी अक्षर न् अक्षर वाचल्या. मग जोडलेल्या पानांशी त्यांचं बोट अडलं आणि नेमका तेव्हाच वर्तमानपत्रातून फोन आला. तासाभरात मजकूर हवा होता. कागद कापायची सुरी हाताशी, खणातच होती. मला वाटलं, आता घेतील. पण ते पुटपुटले, “अकरा वाचल्या, बारावीत असं काय वेगळं असणार!” आणि त्यांनी लिहायला घेतलं.

‘दुःख भरपूर मांडलं आहे, पण या पुस्तकात एकही हात पुढे येत नाही.’ हे त्यांचं शेवटचं वाक्य. वाक्य झकास होतं, हीच तर पंचाईत. इतर समीक्षकांनी पुस्तक न उघडताच तेच उचललं. ग्रंथालयांनी मागण्या रद्द केल्या. बारावी गोष्ट वाचूनही काकांना तो हात दिसला नाही, असं समजून ताईंनी दुसऱ्या भागाचं बाड बांधून माळ्यावर टाकलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, हात पुढच्याच पानावर आहे! पण पुस्तकाला कुठला आवाज?

चौदा वर्षं मी फडताळात पडून होते. परवा काकूंनी, म्हणजे भिंगकाकांच्या बायकोने, मला सहज वाचायला घेतलं. आणि त्या थबकल्या.

“अहो, ही पानं तर जोडलेलीच आहेत. मग तुम्ही वाचलं काय?”

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी सुरी घेतली आणि एकेक पान हळूच मोकळं केलं. तरी एक पान फाटलंच. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग ताईंना फोन करून त्यांनी सगळं कबूल केलं. ताई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सिस्टरबाईंचा पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशी काका मला पिशवीत घालून तिकडे गेले. सिस्टरबाई आता निवृत्त झाल्यात, जिना चढताना धापा टाकतात. त्यांनी पाणी दिलं. काकांनी पेला तसाच खाली ठेवला. मला दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, “बाई, मी बाकी सगळ्या गोष्टींबद्दल लिहिलं, तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. कारण तुमची गोष्ट मी वाचलीच नव्हती.”

सिस्टरबाईंनी माझ्या फाटक्या पानावरून बोट फिरवलं.

“म्हणजे... वाईट नव्हती?” त्यांनी विचारलं.

मित्रांनो, पुस्तक आवडलं नाही तर खुशाल नावं ठेवा, आम्ही तेवढ्यासाठीच छापलेलो असतो. पण सगळी पानं उघडून मग ठेवा. गोष्ट वाईट होती असं समजून त्या बाईंनी चौदा वर्षं लेखणी हातात धरली नाही. काका आता नवं परीक्षण लिहिताहेत आणि ते छापूनही येईल. पण बाईंच्या मनात तेव्हा आणखी तीन गोष्टी होत्या, त्या आता त्यांनाही आठवत नाहीत.