खेळाडू कोट्यासाठी आणलेली ट्यूब

मित्रांनो, ट्रकच्या मागच्या चाकात बारा पंक्चर सोसून बाहेर पडलेली मी एक जुनी ट्यूब आहे. माझ्यावर निबंध लिहायला कुणी सांगत नाही, म्हणून मीच बोलते.

ओमतीच्या बाजारात नथ्थू पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर मी टांगलेली होते. कारखान्यात फिटर असलेल्या शैलेंद्ररावांनी मला तिथून घरी आणले, ते सात वर्षांच्या प्रणोतीसाठी. लेक पोहायला शिकेल, पदके आणेल आणि खेळाडू कोट्यातून रेल्वेत चिकटेल, असा त्यांचा बेत होता. स्वतःला मात्र पोहता येत नव्हते. ग्वारीघाटला नदीत ते गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि मला बांधलेला दोर घट्ट धरून ठेवत.

"काहून घाबरून राहिली? दोर माझ्या हातात आहे ना," असे म्हणत.

तिसऱ्या उन्हाळ्यात प्रणोती मला सोडून पोहू लागली. शैलेंद्ररावांनी घाटावर अनोळखी माणसांनाही पेढे वाटले. माझी आठवण कुणाला झाली नाही. पुढे तलाव, शिबिरे, राज्य पातळीवरची दोन पदके आणि अखेर नेमणुकीचे पत्र. ते पत्र त्यांनी देवापुढे ठेवले.

पत्र देवापुढेच राहिले. रुजू होण्याआधीच्या सुट्टीत प्रणोती अंदमानला गेली, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खोल उतरली, आणि परत आली ती नोकरी नको असे सांगायलाच. महिन्याभरात ती थायलंडच्या एका बेटावर स्कूबा शिकायला गेली, आणि पुढे तेच शिकवू लागली.

"ट्रेनिंगला गेली आहे," शैलेंद्रराव नातेवाइकांना सांगत. सहा वर्षे हे ट्रेनिंग चालले. तिचा फोन आला की तिची आई, लतिकाताई, बोलत आणि शैलेंद्रराव टीव्हीचा आवाज वाढवत. राग काढायला मी होतेच. "या ट्यूबनेच घात केला," म्हणून त्यांनी मला माळ्यावर फेकले. मला याचा फार राग आहे, मित्रांनो. पाण्यात नेले त्यांनी, दोर धरला त्यांनी, आणि अपराधी मी.

या हिवाळ्यात प्रणोती घरी आली. तिने मला माळ्यावरून काढले, नथ्थूकडून ठिगळे लावून हवा भरून आणली आणि अंगणात ठेवले.

"बाबा, चला ना घाटावर. दुनियाभरच्या लोकांना पाण्यात उतरवते मी. तुम्हालाच काहून नाही? अच्छा, फक्त कमरेपर्यंत."

शैलेंद्ररावांनी पेपरातून मान वर केली नाही. "या वयात शिकून मला कोणत्या कोट्यात लागायचं आहे?"

प्रणोती माझ्यावर बसून राहिली. संध्याकाळपर्यंत माझी हवा गेली होती.

निघायच्या सकाळी तिच्या मोठ्या बॅगेची चेन तुटली. आतले पाण्यातले कपडे बाहेर डोकावू लागले. ऑटो दारात उभी. शैलेंद्रराव उठले, सुरी घेतली आणि मला उभे कापून एक लांब पट्टी काढली. त्या पट्टीने त्यांनी बॅग करकचून बांधली आणि वर दोन पीळ देऊन गाठ मारली. घाटावर माझ्या दोराला मारायचे तीच गाठ.

"चलो, गाडी सुटेल," इतकेच बोलले.

प्रणोती त्या गाठीवर हात ठेवून ऑटोत बसली. तिने वाट पाहिली. शेवटी ऑटो निघाली.

उरलेली मी आता खिळ्याला लटकते. माझ्यात पुन्हा हवा राहायची नाही. मित्रांनो, रबर न वापरता ठेवले की तडकते, म्हणून अधूनमधून हवा भरून बघत जा. आणि कुणी तुम्हाला हात धरून पाण्यात न्यायला आले, तर वय विचारत बसू नका. ती माणसे मोठी बॅग घेऊन येतात आणि तीच घेऊन निघून जातात.

शैलेंद्रराव हल्ली रोज सकाळी एकटेच घाटावर जातात. परत येतात तेव्हा त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंतच ओला असतो.