वाकळीचा घास

विजयसिंह हे नाव ऐकून एखादा उठून मुजरा करील, पण ते नाव मिरवणारा गडी अजून तीन वर्षांचाही नव्हता आणि चड्डीची पुढची बाजू कुठली, मागची कुठली हे त्याला कळत नव्हतं. घरात त्याला विजू म्हणत. हा विजू जूनपासून शाळेत जाणार, म्हणजे फुलेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटपासून दोन गल्ल्या पलीकडच्या प्लेग्रुपात, असं ठरलं आणि त्याच्या आजीनं, बयाबाईनं, पुन्हा एकदा जाहीर केलं, "पोरगं शाळंत रुळलं की मी आपली गावाकडं जाणार."

हे ती दोन वर्षं म्हणत होती. सून प्रियदर्शनी बाळंतपणाची रजा संपवून राजारामपुरीतल्या बँकेत पुन्हा रुजू झाली आणि मुलगा ऋतुराज शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पाळ्या करणारा, तेव्हा पोराला सांभाळायला बयाबाई गडहिंग्लजजवळच्या गावाहून आली. आली ती सहा महिन्यांच्या बोलीवर. गावात तिचं घर होतं, घरामागं परडं होतं, दोन म्हशी होत्या आणि त्या जावेच्या हवाली करून आल्याचा घोर होता. गावात ती परड्यातून हाक मारायची ती वेशीपर्यंत जायची. इथं जरा आवाज चढला की खालच्या मजल्यावरची बाई वर फोन करायची. तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसायचं म्हणजे कोंबडी पाटीखाली डालल्यासारखं, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची.

पण माणसाच्या पोटात एक आणि ओठात एक असतं, त्यात बयाबाईही आली. गावाला जायचं होतं हे खरंच. पोरगं शाळेत छान रुळावं हेही खरं. फक्त आजी निघाली की त्यानं तिच्या लुगड्याला मिठी मारून गल्ली गोळा होईल असा गळा काढावा, एवढी एक तिची आतली इच्छा होती. रुळलेलं पोरगं गळा कशाला काढील, आणि गळा काढणारं पोरगं सोडून ही जाईल कशी, हा प्रश्न तिला रोज पडायचा आणि रोज ती तो बाजूला सारायची.

शाळेनं एक यादी दिली होती. पिशवी, एप्रन, दोन नॅपकिन आणि दुपारी झोपायला अंथरूण. प्रियदर्शनीनं मोबाईल उघडून मागवायला सुरुवात केली तेवढ्यात बयाबाई कडाडली.

"इकत मागवतीस? आन मी काय मेलोय व्हय?"

"तसं नाही आई, तुम्हाला कशाला त्रास."

"तरास! दिवसभर काय करतोय मी हितं? भिंती बघतोय."

प्रियदर्शनीला माहेरून आलेलं शिलाई मशीन इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाखाली चार वर्षं गाडलेलं होतं. ते बाहेर निघालं, त्याला तेल मिळालं आणि घरात खडखडाट सुरू झाला. ऋतुराजच्या जुन्या जीन्सची पिशवी झाली. तिचे दोन्ही खिसे बयाबाईनं मुद्दाम तसेच ठेवले, कारण विजूला रस्त्यात दिसेल तो खडा उचलायची खोड होती आणि ते खडे कुठंतरी ठेवायला नकोत का? एप्रन तिनं वाढत्या अंगाचा शिवला. तो विजूला घातला तर घोट्यापर्यंत आला आणि गडी त्यात पाय अडकून पालथा पडला.

"आई, हा चौथीपर्यंत पुरेल," प्रियदर्शनी हसून म्हणाली.

"मग बरं की. चौथीला दुसरा शिवायला नगं," बयाबाई म्हणाली, पण मुकाट्यानं खालून वीतभर दुमडून तिनं टीप मारली.

राहिलं अंथरूण. त्यासाठी तिनं मशीनला हात लावला नाही. वाकळ, म्हणजे गोधडी, हातानंच शिवायची असते, आणि तीही घरच्या जुनेराची. तिनं ट्रंकेतून आपली दोन मऊ झालेली लुगडी काढली. नवऱ्याचा पटका काढला. त्या बिचाऱ्यानं नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं, निदान नातवाच्या पाठीखाली तरी त्याचं काही असू दे. ऋतुराजचा विटका शर्ट आत गेला. वरच्या थराला कापड कमी पडत होतं, तर प्रियदर्शनी कपाटातून एक निळा ड्रेस घेऊन आली.

"हा घाला. बँकेच्या परीक्षेला हाच घातला होता मी."

"चांगला हाय की अजून. फाडू?"

"फाडा. मला आता कुठं बसतोय."

सुनेनं आपण होऊन दिलेल्या त्या ड्रेसनं बयाबाई इतकी सुखावली की संध्याकाळी तिनं न सांगता सुनेच्या आवडीची आमटी केली. या घरात माया अशीच चालायची, तोंडानं फारसं कुणी बोलत नसे.

सहा दुपारी ती बाल्कनीत वाकळ पसरून बसली. मधोमध विजू त्याची गाडी फिरवत बसायचा. उठ म्हटलं की उठायचा नाही, म्हणून ती त्याच्या भोवतीनं टाके घालत जायची आणि तो झोपला की त्याला उचलून मधला भाग पुरा करायची. टाके असे बारीक आणि सरळ पडले होते की तिला स्वतःलाच स्वतःचं कौतुक वाटलं. डोळे बासष्टीचे झाले असतील, हात नव्हे.

शेवटची कड मिटवायच्या आधी मात्र एक काम होतं. त्यांच्या गावात वाकळ कधी उपाशी ठेवत नसत. वाकळ म्हणजे आई. तिच्याच पोटात काही नसेल तर ती लेकराला ऊब कुठून देणार? म्हणून कड मिटवताना आत घास घालायचा, नखाएवढा वाळक्या भाकरीचा तुकडा. बयाबाईच्या आईनं घातला होता, सासूनं घातला होता, बयाबाईनं तर आजवर शेजारपाजारच्या मिळून पन्नासेक वाकळींना घास भरवले असतील. तो तुकडा आत वाळून भुगा होऊन जायचा आणि कधी कुणाची तक्रार आली नव्हती.

पण ही वाकळ विजूची होती. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते काही उगीच नाही. नातवाच्या वाकळीला कोरडी भाकरी भरवायची? बयाबाईचं मन होईना. तिनं डब्यातून गूळ काढला, चांगला सुपारीएवढा खडा, तो भाकरीच्या तुकड्यात दाबला, कोपऱ्यात सारला आणि वरून दुहेरी टाका घातला. प्रियदर्शनीला सांगितलं नाही. ती पाणी उकळून पिणारी बाई, स्वयंपाकघराच्या कडेनं मुंग्यांच्या खडूची रेघ ओढणारी. तिला हे पटलं नसतं.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी विजूनं आकाशपाताळ एक केलं. बयाबाई फाटकाबाहेर पायरीवर ठाण मांडून बसली. शेवटी स्वप्नाली टीचर बाहेर आल्या. वयानं पोरगेल्या, बोलायला गोड.

"आजी, तुम्ही दिसलात की तो जास्त रडतो. घरी जा ना. मी आहे."

बयाबाईला ते लागलं. दोन वर्षं ज्याचं तोंड पुसलं त्याला आपल्यामुळंच रडू येतं म्हणे! ती उठली, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काहीही न घेता तासभर उभी राहिली.

संध्याकाळी मात्र टीचरांनी सांगितलं, "दुपारी त्या गोधडीवर टेकला आणि लगेच झोपला. ओळखीचा वास येतो ना मुलांना."

मग काय विचारता! बयाबाईनं हे खालच्या मजल्यावरच्या बाईलासुद्धा सांगितलं. गावाला जावेला फोन केला. "मी न्हाई तर न्हाई, माझी वाकळ हाय न्हवं तितं. तिच्याबिगर डोळा मिटत न्हाय त्येचा." असं म्हणताना ती इतकी खूश होती की म्हशींची चौकशी करायचीच राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी प्रियदर्शनीचा बँकेतून फोन आला.

"आई, शाळेतनं फोन होता. विजूला मुंग्या चावल्यात. वाकळीतच काहीतरी आहे म्हणतात. तुम्ही पुढं व्हा, मी निघालेच."

 काय झालं हे बयाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. जूनची दमट हवा, तळमजल्यावरची शाळा, खिडकीला चिकटून आंब्याचं झाड आणि वाकळीत सुपारीएवढा गूळ. तिसऱ्या मजल्यावर खडूच्या रेघेआड हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पायात चपला सरकवून ती निघाली. चालता चालता स्वतःला शिव्या घातल्या. पण दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या मनात आलं, की आता वाकळ गेली म्हणजे पोरगं झोपणार नाही. झोपणार नाही म्हणजे रडणार, आणि रडणार म्हणजे शाळा काही जमत नाही. घरी नेऊ. ऋतुराजला सांगू, अजून एक वर्ष थांबतो मी. आणि हे मनात येताच तिला बरं वाटलं. मुंग्या चावलेल्या पोराकडं जाताना आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आलं, तेव्हा ती स्वतःवरच चरफडली आणि भराभर चालू लागली.

फाटकाशी शाळेच्या मावशी, बनाबाई, वाकळ कंपाउंडवर टाकून बदडत होत्या. एका कोपऱ्यातून तांबड्या मुंग्यांची रांग अजून निघत होती.

"ह्यात काय घातलंयसा वो आजी?"

"घास," बयाबाई खाली मान घालून म्हणाली.

बनाबाई हातकणंगल्याकडच्या. त्यांना एवढं पुरलं. "ते आमच्यात बी घालत्यात की. पर ह्यो वास गुळाचा हाय. वाकळंला गूळ कोण घालतंय वो?"

"नातवाची हाय म्हनून घातला."

"नातवाची हाय म्हनून! आवो, वाकळंनं गोड खायचं ऱ्हायलं, मुंग्यांचीच वरात निघाली." बनाबाई मोठ्यानं हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "टीचरास्नी मी कायबी बोललो न्हाय. तुमीबी बोलू नगा. धुवून आना, झालं."

"चावल्यात किती?"

"दोन. पोटरीला. मलम लावलंय."

"रडतोय न्हवं लई?"

"कोन? त्यो? बघा की आत."

बयाबाई दारातून डोकावली. खोलीत दहा-बारा पोरं ओळीनं झोपली होती. विजू साध्या सतरंजीवर उताणा पसरला होता. खाली वाकळ नव्हती, अंगावर लुगड्याचा पदर नव्हता, जवळ आजी नव्हती. शेजारच्या पोरीच्या पोटावर एक पाय टाकून, तोंड उघडं ठेवून तो ढाराढूर झोपला होता.

ती तशीच दाराला धरून उभी राहिली. तिला वाईट वाटलं. उगीच कशाला लपवायचं, चांगलंच वाईट वाटलं. सहा दुपारींचे टाके, नवऱ्याचा पटका, सुपारीएवढा गूळ, आणि हा गडी सतरंजीवर! पण त्याची छाती संथ वर-खाली होत होती आणि ती बघता बघता तिचा श्वासही खाली बसला. सुखात होतं पोरगं. ते बघून कुठली आजी फार वेळ रुसून बसेल?

प्रियदर्शनी स्कूटर लावून धावत आली. घामाघूम झाली होती. बनाबाईंनी बयाबाईला डोळ्यानं खुणावलं, गप बसा म्हणून. पण बयाबाईला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नव्हती.

"माझंच चुकलं गं. वाकळंला घास घालत्यात आमच्यात, उपाशी ठेवू नये म्हनून. मी गूळ घातला. तुला सांगितलं न्हाय, तू नगं म्हनली असतीस."

 प्रियदर्शनीनं आधी आत जाऊन विजूची पोटरी बघितली, दोन लाल ठिपके होते. मग बाहेर येऊन पायरीवर सासूशेजारी बसली.

"नको म्हटलं असतं मी," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "माझ्या आईनं मला लग्नात वाकळ दिली ना, तिच्यात पण असेल घास?"

"असनार की. आईनं शिवलीया म्हंजे असनारच."

"मला कधी बोलली नाही."

"सांगायचं नसतं त्ये," बयाबाई म्हणाली. 

चार वाजता आत कालवा उठला. पोरं जागी झाली. विजू डोळे चोळत दाराशी आला तर समोर आई आणि आजी दोघी. प्रियदर्शनीनं हात पसरले. तो आला नाही. त्यानं आधी पोटरी वर करून दाखवली.

"मुंगी चावली. दोन. मी न्हाई रडलो."

"शाना माझा," बयाबाई म्हणाली. "चल, घराकडं जाऊया."

विजूनं मागं वळून बघितलं. आत टीचर चेंडू काढत होत्या आणि ती शेजारची पोरगी त्याला हाक मारत होती. त्यानं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठ्या माणसानं समजूत घालावी तसा.

"तू जा आज्जी. मी येतो मग."

आणि पळालाच.

प्रियदर्शनीनं तोंड फिरवून डोळे टिपले. बयाबाईला हसू आलं आणि हसता हसता तिचेही डोळे भरले. "व्हय बाबा, जातो मी," तिनं त्याच्या पाठीवर हाक टाकली, गावाकडच्या परड्यातून टाकावी तशी, खणखणीत. दोन वर्षं ती जाणार, जाणार म्हणून साऱ्या घराला सांगत आली होती. ज्याच्यासाठी राहिली होती त्याला मात्र आज पहिल्यांदाच सांगितलं.