गादीची परीक्षा चालू आहे

आमच्या कारखान्यात गादी विकायच्या आधी तिच्यावर काका झोपतात. हे त्यांचं काम आहे. सकाळी काकू आणि बाकीच्या बायका कापूस पिंजून गादी भरतात, दाभणानं टाके घालतात, मी खोळीवर लेबल शिवते, आणि जेवणं झाली की काका आतल्या खोलीत जाऊन त्या गादीवर आडवे होतात. उठले की निकाल. स्वप्नात फुलपाखरं आली तर गादी दुकानात जाते. गणिताचा पेपर आला तर गादी उसवायची. खांद्यापाशी हटकून कापसाची गाठ सापडते. एकदा त्यांना आपणच गादी झाल्याचं स्वप्न पडलं. ती आम्ही विकली नाही. काकू म्हणाली, घरच्या माणसाला विकत नाहीत.

परीक्षा चालू झाली की काकू दाराला लाल उशी टांगते. उशी दिसली की अख्खी गल्ली आवाज उतरवते. भाजीवाला न ओरडता कोबी उंच धरून उभा राहतो. गॅरेजवाला हातोडीला कापूस गुंडाळतो. न्हाव्याची कात्री इतकी हळू चालते की गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यावरच पेंगायला लागतं. पिंजलेला कापूस उन्हात तरंगत असतो, तरंगत तरंगत सगळ्यांच्या भुवयांवर उतरतो, आणि दुपारभर गल्लीतली पोरंसुद्धा पांढऱ्या भुवयांची, पोक्त दिसतात. उशी निघाली की पोक्तपणा झटकतात आणि पुन्हा एकमेकांना बदडतात.

तर व्यापारी संघानं मालाचे ट्रक आमच्या गल्लीतून न्यायचं मनावर घेतलं. ट्रक आले की झोप गेली, झोप गेली की कारखाना गेला, आणि कारखान्यात गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातली एक तरी बाई टाके घालते. काकूला संघाच्या बैठकीत जाऊन हे सांगायचं होतं. पण तिथे ज्याला खुर्ची त्यालाच तोंड, आणि खुर्च्या बापाकडून मुलाकडे जातात. मोकळी अशी एकच. दरवर्षी संघ परिसरातल्या एका प्रभावशाली महिलेचा सन्मान करतो आणि वर्षभर ती खुर्ची तिला देतो. गल्लीनं काकूचं नाव पाठवलं.

काकांनी विचारलं, प्रभावशाली म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

"तुम्ही झोपा," काकू म्हणाली.

निवड समिती सकाळी यायची होती. समितीत दोघं. एक गेल्या वर्षीच्या सन्मानाच्या मानकरी, बसकंपनीच्या मालकीणबाई, आणि दुसरे निवृत्त हेडमास्तर. पण मालकीणबाई स्वतःच्याच बसनं आल्या, त्यामुळे पोचल्या दुपारी. दाराला उशी लागलेली होती.

पुढचं सगळं मी खिडकीतून पाहिलं, आणि गल्ली इतकी शांत होती की ऐकलंही. मालकीणबाईंनी गॅरेजवाल्याला विचारलं, कारखान्यातल्या बाई कशा आहेत? गॅरेजवाल्यानं आमच्या दाराकडे पाहिलं, पुढे वाकला आणि त्यांच्या कानाशी कुजबुजला, "चांगल्या आहेत." न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्यानंही आधी दाराकडे पाहिलं आणि तितक्याच दबक्या आवाजात सांगितलं, "फार चांगल्या आहेत." तेवढ्यात एक मुलगी सायकलवरून आली, उशी बघून खाली उतरली आणि सायकलची घंटी मुठीत गच्च धरून चवड्यांवर चालत पुढे गेली.

मालकीणबाईंचा चेहरा पडला. हेडमास्तरांचा उजळला. इतकी वर्षं शाळा चालवली, ते म्हणाले, पण असा दरारा आपल्याला काही जमला नाही. सन्मान याच बाईंना. त्यावर मालकीणबाईंनी सांगून टाकलं की अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणाऱ्या बाईला आपण जिवंत असेपर्यंत तरी खुर्ची मिळणार नाही.

काकू हसतमुखानं दारात आली आणि तिनं दोघांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. याहून वाईट स्वागत करता आलं नसतं. आत बायका एकमेकींना खुणांनी दोरा मागत होत्या. एकीला शिंक आली, ती तिनं उशीत तोंड खुपसून उशीलाच दिली. मालकीणबाई मागे वळल्या, थेट बसच्या दिशेनं. मी काकूच्या कानात सांगितलं की या बाई तुला गुंड समजताहेत. काकूनं क्षणभर आतल्या खोलीकडे पाहिलं. मालकीणबाईंना मोठ्यानं एक हाक मारली असती तर सगळा उलगडा झाला असता, पण परीक्षा मोडली असती, आणि ती गादी होती एका बाळंतिणीची. काकू हाक न मारता धावत गेली, मालकीणबाईंचं मनगट धरलं आणि त्यांना सरळ आतल्या खोलीत घेऊन आली.

आत काका झोपले होते. पडदा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत होता. कापसाचं एक पीस काकांच्या श्वासावर वर जात होतं, खाली येत होतं. छतावर बाहेरच्या सायकलींच्या सावल्या उलट्या, सावकाश वाहत होत्या.

"यांच्यासाठी सगळी गल्ली गप्प?" मालकीणबाईंनी विचारलं. तोपर्यंत त्याही कुजबुजायला लागल्या होत्या.

"यांच्यासाठी कोण गप्प बसतंय," काकू म्हणाली. "गादीसाठी. प्रत्येकाच्या घरातली कुणी ना कुणी ती शिवते. आपल्या घरातल्या बाईचं काम चाललंय, म्हणून गप्प."

मालकीणबाई हळूच पलंगाच्या कडेवर टेकल्या.

"माझ्या एवढ्या बस धावतात," त्या म्हणाल्या, "पण मला ताप आला तरी घरात टीव्हीचा आवाज कुणी कमी करत नाही."

मग त्यांनी चपला काढल्या आणि मागोमाग दारापर्यंत आलेल्या हेडमास्तरांना खुणेनंच सांगितलं, नाव लिहा.

सन्मानात काचेची एक बाहुली मिळाली. काकूनं ती दाबून पाहिली आणि कडक आहे म्हणून कपाटात ठेवली. खुर्चीही कडकच होती. काकू पहिल्या बैठकीला घरून उशी घेऊन गेली. पाहुण्यांच्या बाकावर मी बसले होते.

काकू ट्रकना नाही म्हणायला गेली होती. पण आधी अध्यक्ष बोलले. ते फरशीवाले. ट्रक लांबच्या वाटेनं, खड्ड्यांतून जातात, फरशा फुटतात, आणि ड्रायव्हर घरी पोचेपर्यंत त्यांची पोरं झोपलेली असतात. झोपेचा विषय निघाल्यावर काकू विचारात पडली. तिचा चेहरा मला ओळखीचा होता. गादीत गाठ कुठे आहे ते हातानं चाचपताना तो असाच होतो.

"त्यांचंही खरंच आहे की," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, तिच्या त्या दुपारच्या आवाजात. ऐकायला सगळे पुढे वाकले. तशा वाकलेल्या मंडळींना तिनं विचारलं, आमच्या गल्लीला उतार आहे ना? मग वरच्या टोकाला इंजिन बंद करा. एकेक ट्रक, माणसाच्या चालीनं, ब्रेकवर पाय ठेवून. परतीला लांबची वाट. आणि फरशांच्या मध्ये घालायला आमचा टाकाऊ कापूस न्या, तोही गादीत नाही तर कुठेतरी कामाला येऊ दे.

अध्यक्ष म्हणाले, असा ठराव संघाच्या इतिहासात नाही. मग त्यांनी हात वर केला.

पहिला ट्रक आला तेव्हा आम्ही सगळे ओट्यांवर उभे होतो. वरून तो काहीही न बोलता उतरत आला, नंबरप्लेट लावलेल्या ढगासारखा. फरशांमधून कापूस सुटत होता आणि ट्रकच्या मागे मागे तरंगत येत होता. ड्रायव्हरनं केबिनमधून आमच्याकडे पाहून मान लववली. भाजीवाल्यानं कोबी खाली घेतला. ट्रक गेला, आणि हवा त्याच्यामागे हळूहळू मिटत आली.

एवढ्यात काका बाहेर आले. केस विस्कटलेले, तोंड आंबट.

"आज निकाल नाही," ते म्हणाले. "झोपच लागली नाही. ट्रक आता जाईल, मग जाईल म्हणून कान देऊन पडलो होतो, आणि तो काही जाईचना."

काकूनं जरा विचार केला.

"जा ग," ती मला म्हणाली, "त्या ड्रायव्हरला गाठ. उद्यापासून कोपऱ्यावर हळूच एक हॉर्न दे म्हणावं."