ढोल थांबला की

"हात अजून वर. पाखरू आहेस तू, ट्रॅफिकचा पोलीस नाहीस," नाचाच्या बाई म्हणाल्या आणि तिसरीचा अख्खा वर्ग न हलता गालातल्या गालात हसला. ढोल नुकताच थांबला होता.

मी हॉलच्या दाराशी वह्या तपासत बसले होते. मी गणित शिकवते, नाचातलं मला ओ की ठो कळत नाही. गोष्ट सांगायची तर सांगा, पोरांना तासभर नाचवता कशाला, हे माझं मत मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं. बाई थोडी गोष्ट सांगत. मग तिच्यातली भीती, माया, वाट बघणं, जे असेल ते पोरांनी अंगाने दाखवायचं. ताल धरायला त्यांचे यजमान असत, रिटायर्ड पोस्टमन. पोरं त्यांना ढोलआजोबा म्हणत. ढोल थांबला की जो जसा असेल तसा पुतळा व्हायचा, पुन्हा वाजेपर्यंत हलायचं नाही, हा नियम. कुणी हललंच तर आजोबा मिटला डोळा किलकिला करून म्हणत, "पकडला."

त्या दिवशीची गोष्ट पाखरांची होती. तळं आटलेलं, थवा निघालेला, एक म्हातारं पाखरू मागे राहिलेलं. थवा त्याच्यासाठी थांबतो, तिथे ढोल थांबायचा होता आणि तो तिथेच थांबला. बाई पोरांमधून फिरत कुणाची मान सरळ करत होत्या, कुणाचा हात उचलत होत्या. आजोबा भिंतीला टेकून मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, म्हातारा डुलकी काढतोय.

"अहो, वाजवा आता," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या.

मग धावाधाव झाली, डॉक्टर आले. त्या गडबडीत पोरं हात वर करून तशीच उभी होती आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. शेवटी मी ओरडून त्यांना वर्गात पाठवलं.

बाई बऱ्याच दिवसांनी परत आल्या. स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "मी हात सरळ करत होते हो पोरांचे. हे तिकडे गेले आणि मी हात सरळ करत बसले. आता नाही जमायचं मला. निरोप घेते पोरांचा आणि सोडते."

"घ्या निरोप," मी म्हटलं, "पण ती तेव्हापासून हलत नाहीत, बाई. खेळाच्या तासालाही भिंत धरून उभी असतात."

हॉलमध्ये पोरं गुपचूप बसली, मी वह्या घेऊन दाराशी. वटवट नावाने शाळाभर प्रसिद्ध असलेली मुलगीसुद्धा इतके दिवस मिठाची गुळणी धरून होती. तीच उठली.

"बाई, आम्ही हललो असतो तर आजोबा 'पकडला' म्हणाले असते ना?"

बाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"नाही गं बाळा. आजोबा तेव्हा गेलेच होते. कुणी काही केलं असतं तरी परत आले नसते." मग सगळ्या पोरांकडे बघत पुन्हा म्हणाल्या, "कुणीही."

"मग पाखरं अजून तिथेच आहेत?" मागून कुणीतरी विचारलं.

बाईंनी कोपऱ्यातला ढोल ओढून मांडीवर घेतला. पोरं उठली आणि त्या दिवशी जिथे होती तिथे, तशीच हात वर करून उभी राहिली. मला बघवेना.

बाईंना वाजवता येत नव्हतं. ताल पार गडबडला, पण कुणी हसलं नाही. थवा हलला. आजोबा बसायचे त्या भिंतीपाशी प्रत्येक पाखरू जरा वाकलं आणि पुढे गेलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी वहीवर पडलं.

शाळा सुटल्याची घंटा झाली तरी बाई वाजवतच राहिल्या. तळवे लाल झाले होते. थांबायची त्यांना भीती वाटत होती, हे मलासुद्धा कळलं. वटवट धापा टाकत आली आणि तिने ढोलावर आपला हात ठेवला.

"बाई, थांबा आता. आई खाली आलीये."

ढोल थांबला. पोरं थांबली नाहीत. ढकलाढकली करत दाराशी चपला शोधायला पळाली, आणि बाई मांडीवर ढोल घेऊन त्यांना जाताना बघत राहिल्या.